एकशे आठ पाण्यांचं मलम

सांगली,
८ ऑक्टोबर १९९७

सौ. पद्मावन्सं यांना क्रांतीवहिनीचे आशीर्वाद.

एरवी पत्राच्या सुरुवातीला मी खुशाली लिहिते. आज ती नाही, म्हणून लिहीत नाही.

परवा मुंबईच्या एका वकिलाची रजिस्टर नोटीस आली. इंग्रजीत, तीन पानी. आप्पासो वकिलांकडून वाचून घेतली. एका औषधाच्या कंपनीनं भाजल्यावरच्या मलमाच्या रीतीचं पेटंट मागितलं आहे. म्हणजे ही रीत आम्ही शोधून काढली, दुसऱ्या कुणी वापरायची नाही, असं सरकारकडून लिहून मागितलं आहे. सरकारनं तो अर्ज राजपत्रात छापलाही. तेव्हा मी त्या रीतीनं मलम करणं आणि विकणं ताबडतोब बंद करावं, नाहीतर नुकसानभरपाई. मलम कोणतं म्हणता? आपलं. सासूबाईंचं. राळ, तिळाचं तेल, चुन्याची निवळी आणि काशाची परात.

तुमचे दादा गेल्यावर हे सुरू केलं आणि गेलं दीड वर्ष या डब्यांवरच माझं घर चाललं आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नोटिशीची प्रत गणपती पेठेतल्या औषधवाल्यांनाही गेली. दोघांनी काल डब्या परत पाठवल्या. एकानं तर पिशवीही परत मागितली.

आता ऐका. नोटिशीत लिहिलंय, ‘मिश्रण एकशे आठ वेळा पाण्याने धुणे, अनेक प्रयोगांती हीच संख्या सर्वोत्तम ठरली.’ वन्सं, मी वकिलांच्या समोर हसले. कुठल्या प्रयोगात एकशे आठ येतं हो? शंभर येईल, सव्वाशे येईल. एकशे आठ माळेतच येतं. सासूबाई परातीतलं पाणी बदललं की एक मणी ओढायच्या आणि रामाचं नाव घ्यायच्या, कारण घोटता घोटता मोजणं चुकायचं. प्रयोग म्हणाल तर तेवढाच झाला.

मग हसू गेलं. हा आकडा आपल्या घरातूनच गेला आहे. सासूबाई तर राहिल्या नाहीत. तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि घोटायला येते ती हरणाबाई. मी तिला समोर बसवून विचारलं, “कुणाला सांगितलंस?”

“कुणाला सांगू? माजा नवराबी इचारत न्हाई दिसभर काय करती म्हनून.”

“मग मुंबईला गेलं कसं?”

“आवं वैनी, मी मिरजंच्या फुडं कवा गेली न्हाई, मलम मुंबईला कशाला धाडू?”

उलट उत्तरं ऐकून माझं डोकं फिरलं. तिला कामावरून बंद केली.

हरकत घ्यायला २७ जानेवारीपर्यंत मुदत आहे. तुमचा राजस शिरवळला औषधाच्याच कारखान्यात आहे ना? त्याला विचारा, या लोकांशी कसं बोलायचं असतं.

तुमची
क्रांतीवहिनी

•

॥ श्री ॥

सातारा,
१५ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. वहिनींस पद्माचा नमस्कार.

पत्र परवा मिळालं. आज चतुर्मासाची पोथी वाचून झाल्यावर लिहायला घेतलं.

तुमच्यावर असा प्रसंग यावा याचं फार वाईट वाटतं. तरी एवढं म्हणते, की हरणाबाईला घाईनं काढायला नको होतंत. गरीब आहे बिचारी. कुणी सांगितलं, कुणी नाही, हे आता शोधून काय हाती येणार? हे म्हणतात, मोठ्या कंपनीच्या नादी लागू नये. पाच वर्षं तारखा पडतात आणि शेवटी वकिलाचं घर होतं. तुम्ही काही दिवस मलम थांबवून पापड-सांडगे करून पाहिलेत तर? तुमच्या हाताला चव आहे. सांडग्यांवर कुणी नोटीस काढणार नाही.

राजसला एवढ्यात विचारता येणार नाही. कामाचा ताण आहे.

दिवाळी तोंडावर आली. चिवड्याचे पोहे इथे बरे मिळतात, पाठवू का? देवावर भार टाका. रोज अकरा वेळा रामरक्षा म्हणते आहे, तुमच्यासाठीच.

आपली
पद्मा

•

सांगली,
५ नोव्हेंबर १९९७

पद्मावन्सं,

भाऊबीज झाली. दादा नाहीत, तरी तुमचं पत्र येईल असं वाटलं होतं.

आप्पासोंनी पेटंट कचेरीतून अर्जाची पूर्ण नक्कल आणवली. त्यावर तारीख आहे, नोव्हेंबर १९९५. मी ती तारीख आधी बघितली नव्हती, ही माझी चूक. माझा धंदा सुरू झाला शहाण्णवच्या मे महिन्यात आणि हरणाबाई माझ्याकडे आली जूनमध्ये. म्हणजे अर्ज झाला तेव्हा तिनं हे मलम डोळ्यांनीही बघितलेलं नव्हतं. सासूबाई एक्क्याण्णवला गेल्या. आता कोण उरलं हे मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत. मी कुणाला सांगितलेलं नाही.

हरणाबाईच्या घरी जाऊन पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. दारातूनच म्हणाली, “चोर म्हनलासा न्हवं? आता देव म्हना, मी येनार न्हाई.” शेजारच्या चार बाया ऐकत होत्या. मी मान खाली घालून परत आले.

आप्पासो म्हणतात, ऑगस्टमध्ये हळदीचं पेपरात आलं होतं ना, जखमेला हळद लावायचं पेटंट अमेरिकेनं रद्द केलं, तिथे आपल्या शास्त्रज्ञांना दाखवायला छापील लेख होते, संस्कृत ग्रंथ होते. तुमच्या या रीतीला काय आहे? “दहा बायका उभ्या करून तोंडी सांगायला लावीन,” म्हणाले, “पण नोव्हेंबर पंचाण्णवच्या आधीची तारीख घातलेला एक कागद मिळाला, तर तो दहा बायकांचं काम करील.”

तो माझ्याकडे नाही. आपल्या घरात कागद लिहून ठेवायची सवय एकाच माणसाला आहे.

पोहे नकोत. खरं काय ते लिहा.

क्रांती

•

॥ श्री ॥

सातारा,
१२ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

मीच सांगितलं.

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत राजस कारखान्यात नवा लागला होता. वाफेच्या नळीनं त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मी आईचं मलम लावलं. पंधरा दिवसांत कातडी अशी आली की डाग शोधावा लागला. त्याचे वरचे साहेब, अनीश नावाचे, मुंबईहून आलेले, त्यांनी तो हात बघितला आणि काय लावलंस म्हणून विचारलं. राजसनं कौतुकानं सांगितलं, आईनं घरी केलंय. साहेब म्हणाले, तुझ्या आईला भेटायचंय.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला आले. अगदी सालस. पाटावर बसले, श्रीखंड दोनदा मागून घेतलं, मला “आई” म्हणाले. मग म्हणाले, करून दाखवाल का? मी परात काढली. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः घोटायला बसले. मी मणी ओढत होते, ते वहीत लिहीत होते. राळ किती म्हणाले, मी म्हटलं ओंजळभर. तर त्यांनी पिशवीतून लहानसा काटा काढला आणि माझी ओंजळ तोलली. वहिनी, जेवायला येणारा माणूस काटा घेऊन येतो का? तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं. एकवीस पाणी निवळीचं आणि पुढचं साधं, हेसुद्धा मीच सांगितलं.

आईचा शब्द तुम्हाला माहीतच आहे. औषध विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि त्याचा पैसा घ्यायचा नाही, नाहीतर गुण जातो. मला वाटलं त्यांच्या घरी कुणी भाजलं असेल. विचारलं नाही. महिन्याभरात राजस नोकरीत कायम झाला. मी देवाला नारळ फोडला.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच समजले. नोटीस राजसच्याच कंपनीची आहे. कारखाना शिरवळला, कचेरी मुंबईला. म्हणून पोह्यांचं लिहीत बसले. हरणाबाईचं पाप माझ्या माथी आहे. तिला काढल्याचं वाचून मला जेवण गेलं नाही, पण लिहायचं धाडसही झालं नाही.

राग कुणावर काढू तेच कळत नाही. त्या माणसानं चोरलं म्हणावं, तर मीच पाट मांडून वाढलं. मी दिलं हे खरं. पण मी दिलं म्हणून ते माझं होतं, माझ्या आईचं होतं, एवढं तरी उरायला नको? शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं आणि तिनं आपल्याच दारात येऊन सांगावं की आजपासून दही लावायचं नाही! असल्या कायद्याला काय म्हणावं?

तुम्ही कागदाचं विचारलंत. तो आहे. माझी रोजच्या खर्चाची वही. २ एप्रिल १९९५ : “राळ पाव किलो, तिळाचे तेल अर्धा किलो, राजसच्या साहेबांना मलम करून दाखवण्यास. १०८ पाणी झाले.” चक्का नि वेलदोडे त्याच्या वर आहेत.

पण हे सांगतात, वही घराबाहेर जाऊ द्यायची नाही. मी तशी साक्ष लिहून दिली, तर राजसला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवतील. त्याचं लग्न ठरतंय. 

पद्मा

•

सांगली,
२ डिसेंबर १९९७

पद्मावन्सं,

तुमचं पत्र वाचून मी वीस दिवस पेन उचललं नाही. वाईट लिहिलं गेलं असतं.

खरं लिहिलंत, बरं केलंत. पण खरं माझ्या पेटीत ठेवून मला काय उपयोग? मी ते आप्पासोंना दाखवलं तर तुमचं घर अडचणीत, नाही दाखवलं तर माझं. दोन्ही औषधवाल्यांनी नवा माल घेतलेला नाही. शिजवलेली राळ तशीच आहे. पापड केले. विकले जातात. पण पापड सांगलीत प्रत्येक दारात आहेत, वन्सं.

राजसच्या नोकरीवर मी गदा आणणार नाही. तो मला मुलासारखा आहे. तेव्हा वही द्या असं मी म्हणणार नाही. पण देऊ नका, असंही माझ्या तोंडून निघणार नाही. २७ जानेवारी. ठरवा तुम्ही.

क्रांती

•

॥ श्री ॥

सातारा,
१७ जानेवारी १९९८

ती. स्व. वहिनींस,

वेगळ्या रजिस्टरनं वही आणि स्टॅम्प पेपरवरची साक्ष पाठवली आहे. मिळाल्याबरोबर पोच कळवा. वहीचं शेवटचं पान कोरं आहे, ते फाडू देऊ नका.

एवढा उशीर का झाला ते लिहिते. मी कुणाला न सांगता साक्ष लिहून पाठवणार होते. पण आईचं औषध चोरून दिलं नव्हतं, मग साक्ष चोरून का द्यावी? संक्रांतीला राजस घरी आला. तिळगूळ हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याचे बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले.

राजसनं तिळगूळ परत ताटलीत ठेवला. मग म्हणाला, “आई, मला त्यांनी कायम केलं ते माझ्या कामामुळे की तुझ्या मलमामुळे?”

काय सांगू? म्हटलं, “तुझ्या कामामुळे.”

“तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मला पण नाही,” म्हणाला. “आता कधी कळणारही नाही. वर्षभर त्या साहेबांच्या पुढ्यात मी शेफारून वावरलो, म्हटलं आपल्याला गुणी समजतात.” मग उठून हात धुतले आणि म्हणाला, “दे वही. मी पोस्टात टाकून येतो.”

त्याचे बाबा पेपरामागून म्हणाले, “लग्न मोडलं तर मला सांगू नका.” तेवढंच बोलले. पण पाकिटाला डिंक त्यांनीच लावला.

एका गोष्टीवर मी अडले होते. आप्पासोंकडून मी साक्षीचा मसुदा मागवला होता, त्यात लिहिलंय, ‘हे मलम कोणा एकाच्या मालकीचे नसून या भागातील अनेक घरांत परंपरेने करतात.’ मला ते सोसेना. एकशे आठ आईचे आहेत. तिचं नाव तरी घाला, असं फोनवर म्हटलं. तर म्हणाले, “बाई, एकाचं म्हणाल तर दुसरा म्हणेल माझं. कुणाचंच नाही म्हटलं, तरच कंपनीचंही नाही.” सही केली. केली खरी, पण त्या ओळीवर पेन टेकवून बसले होते, तो शाईचा डाग तुम्हाला दिसेल.

पद्मा

•

सांगली,
२१ नोव्हेंबर १९९८

पद्मावन्सं यांना अनेक आशीर्वाद.

तारेनं कळवणार होते, पण आनंदाची तार करावी इतका आनंद आहे की नाही तेच ठरेना.

कंपनीनं अर्ज मागे घेतला. सुनावणीची तारीख लागली होती, तिच्या आठ दिवस आधी. आप्पासो म्हणाले, तुमची वही बघून त्यांच्या वकिलानं विचारलं म्हणे, यात वेलदोड्यांचा काय संबंध? आमचे आप्पासो म्हणाले, “श्रीखंडात घालतात.” 

तेव्हा भारतात मलम करायला आपल्याला कुणाची हरकत नाही. औषधवाले परत आले. पिशवी मागणाराच आधी आला.

पण माझी एक आशा बुडाली. माझ्या माहेरची एक मुलगी अमेरिकेत दुकान चालवते. तिनं पाचशे डब्या मागवल्या होत्या. आता तिचं पत्र आलं, मावशी, इथलं पेटंट कंपनीनं आधीच मिळवलंय, इथे तुझी डबी उतरली की मी गुन्हेगार. तिकडची वही इथे दाखवायची तर डॉलरमध्ये वकील करा. म्हणजे कृष्णेच्या या काठावर मलम माझं, आणि समुद्र ओलांडला की त्यांचं. आप्पासोंना म्हटलं, मग जिंकलो ते काय? म्हणाले, “सांगली जिल्हा जिंकलो.”

तेही सोसलं असतं. पण मागच्या शनिवारी बाजारात गेले, तर भाजीवाल्यांच्या ओळीत हरणाबाई बसलेली. पुढ्यात डब्या. भाजल्यावरचं मलम! माझ्या निम्म्या किमतीला. गिऱ्हाइकाला सांगत होती, “बगा लावून, गुण न्हाई आला तर पैसं परत.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“हरणे, हे कुणाचं?”

“तुमीच लिवून दिलासा न्हवं वैनी, कुनाचंबी न्हाई म्हनून. वकिलाच्या घरी माजी भन भांडी घासती. तिनं आयकलं.”

तशीच आप्पासोंकडे गेले. म्हटलं, हिला नोटीस काढा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “कशाच्या जोरावर काढू? स्टॅम्प पेपरवर तुमची सही आहे, नणंदेची सही आहे. ज्या ओळीनं कंपनी पडली, त्याच ओळीवर ती बाई बसली आहे.”

वन्सं, मी इतकी चिडले आहे की कुणावर चिडले तेच कळत नाही. कंपनीला हाकलायला एक वर्ष घालवलं आणि दार उघडं राहिलं. आता मी तिला कोणत्या तोंडानं थांबवू? राजसचं काय झालं तेही कळवा. तुम्ही दहा महिन्यांत त्याचं नावही लिहिलेलं नाही.

क्रांतीवहिनी

•

॥ श्री ॥

सातारा,
२९ नोव्हेंबर १९९८

ती. स्व. वहिनींस नमस्कार.

राजसला काढलं नाही. काढलं तर गवगवा होईल असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्याला प्रयोगशाळेतून उचलून खोक्यांच्या गोदामात बसवलं आहे. बी.एस्सी. झालेला मुलगा खोकी मोजतो. मुलीकडच्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही, पण होही म्हणत नाहीत. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही ते स्वतःवर घेतलं असतं. ते माझं आहे.

हरणाबाईचं वाचून मलाही आधी रागच आला. वही माझी, पोराची नोकरी माझी, आणि डब्या मांडून बसली ती! दोन दिवस रामरक्षा म्हणतानाही तिच्या डब्या दिसत होत्या. पण वहिनी, थांबवायला तोंड आपण ठेवलेलं नाही. आणि चोर म्हणून तिला दारातून काढली, तिनं वर्षभर काय खाल्लं, हे तुम्ही विचारलंत? मी नाही विचारलं.

मी असं म्हणते, तिची एक डबी विकत घेऊन बघा. बिघडलेली असेल तर तिला कुठं चुकतं ते सांगा. भाजलेल्या माणसाच्या अंगाला वाईट मलम लागायला नको. चांगली असेल, तर मात्र काय करायचं ते मला सुचत नाही.

आपली
पद्मा

•

सांगली,
६ डिसेंबर १९९८

पद्मावन्सं,

कार्डच लिहिते, मजकूर थोडा आहे.

डबी घेतली. मलम चांगलं आहे. माझ्यापेक्षा मऊ. पहिल्यापासून घोटणारे हात तिचेच, ते तिच्याबरोबर गेले. तिला म्हटलं, “झालं गेलं विसर. परत ये, पगार वाढवते.”

तिनं मला बसायला पोतं दिलं आणि म्हणाली, “वैनी, आता मी कशाला येऊ? तुमीच या की माज्याकडं. माल पुरत न्हाई. हात लय लागत्यात.”

थट्टा नव्हती. दिवसाचा रोजही सांगितला, मी तिला देत होते त्यापेक्षा जास्त.



क्रांती